वहीची डावी बाजू

एडिनबरा विद्यापीठात भूविज्ञानाच्या पदवीसाठी मी २०१३ च्या सप्टेंबर महिन्यात दाखल झाले आणि पहिल्याच आठवड्यात बायबलची हिब्रू भाषा हा विषय नोंदवून मोकळी झाले. हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांच्याकडून ठरावीक दोन प्रश्न आले. पहिला, "तू ख्रिश्चन आहेस का?" आणि दुसरा, "मग त्याचा उपयोग काय?" पहिल्याचे उत्तर 'नाही' असे सरळ आहे. दुसऱ्याचे उत्तर एका वाक्यात मावत नसल्याने मी बहुधा विषय बदलते. येथे तो न बदलता, पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत खडक, हिब्रू धातू आणि इतिहासाचे कागद या तिन्हींशी माझी गाठ कशी पडली, ते क्रमाने सांगणार आहे.

माझे बालपण अलिबागेत गेले. बाबा तेथील चुंबकीय वेधशाळेत नोकरीला होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या की कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडणार, या भीतीपोटी ती मोजमापे १९०४ साली अलिबागला हलवण्यात आली. ज्या खोलीत उपकरणे ठेवलेली असत, तेथे जाताना बाबा किल्ल्यांचा जुडगा, कमरेचा पट्टा, सगळे बाहेर काढून ठेवत, आणि विज्ञान म्हणजे काहीतरी सोवळ्याचा प्रकार असावा, अशी माझी लहानपणी समजूत झाली होती. त्याच गावात इस्रायल आळी आहे आणि तिथे 'मागेन आबोथ' हे बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, प्रार्थनामंदिर आहे. आमच्या शेजारच्या घरात एक बेने इस्रायल आजी एकट्या राहत. त्यांची मुले-नातवंडे केव्हाच इस्रायलला गेली होती. अस्सल आगरी वळणाची मराठी बोलणाऱ्या या आजी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून जे पुस्तक उघडत, त्यातली अक्षरे मला चौकोनी, जाड आणि अगदी बंद दरवाजांसारखी वाटत. आजींना ती वाचता येत. अर्थ मात्र थोड्याच ओळींचा सांगता येई. "आमच्या बापजाद्यांनी म्हटलं, म्हणून आम्ही म्हणतो," एवढे स्पष्टीकरण त्यांना पुरत होते. मला पुरत नव्हते.

परदेशी शिकण्याचा खर्च कसा उभा राहिला, हे सांगायचे तर आईच्या माहेरच्या वाडीचा एक तुकडा विकला गेला. अलिबागेत मुंबईकरांच्या बंगल्यांमुळे जमिनीला जो भाव आला आहे, त्याचा आमच्या घराला झालेला हा एकमेव फायदा. ब्रिटनमधील विद्यापीठांसाठी एकच सामायिक अर्ज भरावा लागतो, त्यात पाच पर्याय देता येतात आणि पाचांनाही आपले निवेदन एकच जाते. मी त्यात भूविज्ञानाबरोबर एखादी प्राचीन भाषा शिकण्याची इच्छा लिहिली होती. मुंबईतल्या ज्या सल्लागाराला आम्ही पैसे मोजले होते, त्याने ते वाक्य खोडले आणि "असं लिहिलंत तर तुमचं ध्येय पक्कं नाही, असं त्यांना वाटेल," असे बजावले. मी मान डोलावली आणि अर्ज पाठवताना वाक्य परत घातले. स्कॉटलंडमधील पदवीची घडण त्याला ठाऊक नव्हती. ती चार वर्षांची असते. वर्षाला १२० श्रेयांक, म्हणजे साधारणतः वीस-वीस श्रेयांकांचे सहा अभ्यासक्रम, आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांतले काही आपल्या विषयाच्या पूर्णपणे बाहेरचे घेता येतात, किंबहुना ते घ्यावेत अशीच अपेक्षा असते. खरी विशेषज्ञता तिसऱ्या वर्षापासून सुरू होते आणि पदवीचा वर्गही शेवटच्या दोन वर्षांच्या गुणांवर ठरतो. आपल्याकडे तेव्हा बारावीनंतर विज्ञानाची वाट धरली की भाषेशी काडीमोड होत असे. तिथे मला तो घ्यावा लागला नाही.

नोंदणीच्या दिवशी माझ्या मार्गदर्शकांनी, जे स्वतः ज्वालामुखींचे अभ्यासक होते, माझ्या कागदावर गणित, रसायन आणि भूविज्ञानाच्या खाली हिब्रू पाहिले आणि फक्त एवढेच विचारले की, दोन्ही ठिकाणी वेळेवर पोचशील ना? प्रश्न रास्त होता. विज्ञानाच्या शाखा शहराच्या दक्षिणेला किंग्ज बिल्डिंग्ज या परिसरात आहेत आणि धर्मविद्येचे न्यू कॉलेज जुन्या शहरात, किल्ल्याच्या अलीकडे, माउंड नावाच्या चढावर. अंतर तीन-साडेतीन किलोमीटरचे. (हा माउंड म्हणजे डोंगर नव्हे, अठराव्या शतकात नव्या शहराचे पाये खणताना निघालेल्या मातीचा तो भराव आहे. भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला असल्या गोष्टी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.) मंगळवारी खनिजशास्त्राचे व्याख्यान संपले की मी बसच्या वरच्या मजल्यावर बसून धातूंची रूपे घोकत जात असे, आणि तरीही कितीतरी मंगळवारी पाच मिनिटे उशिरा, धापा टाकत वर्गात शिरत असे.

न्यू कॉलेजविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढे इतिहासाच्या अभ्यासक्रमात या इमारतीनेच मला विषय पुरवला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, बाहेर पडलेल्यांनी 'फ्री चर्च' स्थापन केले आणि आपले धर्मोपदेशक घडवण्यासाठी हे महाविद्यालय काढले. आवारात शिरताच स्कॉटलंडचा धर्मसुधारक जॉन नॉक्स याचा हात उंचावलेला पुतळा दिसतो. ग्रंथालय एका जुन्या चर्चमध्ये आहे, त्यामुळे रंगीत काचांतून येणारा निळा-तांबडा उजेड वहीवर पडत असतो. दुपारी डबा खायला ज्या दालनात सगळे जमत, त्याचे नाव 'रेनी हॉल'. एडिनबऱ्याचा पाऊस पाहता हे नाव पावसावरूनच पडले असणार, अशी माझी पहिले दोन महिने खात्री होती. रेनी हे एका प्राचार्यांचे आडनाव आहे, हे कळले तेव्हा मी थोडी खजील झाले. हे रेनी पुढे पुन्हा येणार आहेत.

हिब्रूच्या वर्गात आम्ही पंधरा-सोळा जण होतो. बहुतेक जण पुढे चर्चमध्ये जाणारे, दोघेतिघे धर्मांचा तौलनिक अभ्यास करणारे, एक सेवानिवृत्त गृहस्थ आणि चिखलाचे बूट घालून येणारी मी. शिकवणाऱ्या बाईंना सगळे पहिल्या नावाने हाक मारत. माझ्या जिभेला ते काही जमले नाही आणि दोन वर्षे मी त्यांना न हाक मारताच बोलत राहिले.

पहिले दोन आठवडे अक्षरांचे. बावीस अक्षरे, सगळी व्यंजने, उजवीकडून डावीकडे. त्यांतल्या पाचांचे शब्दाच्या शेवटी रूप बदलते. स्वरांच्या खुणा अक्षरांच्या खाली-वर ठिपक्यांनी आणि रेघांनी दाखवतात, आणि त्या पुष्कळ नंतरच्या, मूळ व्यंजने लिहिली गेल्यानंतर कित्येक शतकांनी मसोरा या ज्यू पाठपरंपरेच्या पंडितांनी घातलेल्या. बाईंनी सांगितले की, जुने लेखनिक अक्षरे ओळीवर बसवत नसत, आखलेल्या रेषेला खालून टांगत असत. बाकीच्यांना हे वळण हाताला बसायला वेळ लागला. शिरोरेषेखाली अक्षरे टांगत मोठी झालेल्या मला ते घरचेच होते. उच्चारांतही अशीच वाटणी झाली. घशातून येणारा 'ख' स्कॉटिश मुलांना त्यांच्या 'लॉख' या तळ्याच्या शब्दामुळे आयता मिळाला. मात्र 'त्सादे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आले की त्यांची जीभ अडखळे. तो उच्चार म्हणजे आपला 'च', चंद्रातला नव्हे तर चाकातला. मी तो पहिल्याच फटक्यात काढला तेव्हा बाईंनी विचारले, हा कुठून आणलास? मराठीत एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत आणि कुठला कुठे करायचा हे कोणी लिहून ठेवत नाही, हे ऐकून त्या म्हणाल्या की, मग तुला ठिपके नसलेला मजकूर वाचायची भीती वाटणार नाही.

क्रियापदांपाशी आल्यावर मला आपण मराठी असल्याचा खरा फायदा कळला. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांना क्रियापदाला लिंग असते, हीच गोष्ट पचत नव्हती, आणि ऐकणारा पुरुष की स्त्री यावरून 'तू'चे क्रियापद बदलते, हे तर त्यांना अन्यायकारकच वाटले. मी मनात 'तू आलास, तू आलीस' असे म्हटले आणि पुढे गेले. जुन्या प्रथेनुसार रूपे चालवायला घेतला जाणारा धातू 'कातल' असा आहे आणि त्याचा अर्थ आहे ठार मारणे. कातल, कातला, कातल्ता, कातल्त, कातल्ती: त्याने मारले, तिने मारले, तू मारलेस (पुरुष), तू मारलेस (स्त्री), मी मारले. बसमध्ये हे पुटपुटताना मला एकदम 'कत्तल' हा शब्द आठवला. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला तो शब्द याच सेमिटिक कुळातला. त्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानावर मी अशा नातेवाइकांची यादी करू लागले. राजा म्हणजे 'मेलेख', तर आपल्याकडे मलिक. थडगे म्हणजे 'केवेर', तर आपल्याकडे कबर. मेलेला म्हणजे 'मेत', तर आपल्याकडे मयत. डोके म्हणजे 'रोश', आणि मुखिया या अर्थाने आलेला आपला रईस. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने ज्या यावनी शब्दांना पर्याय सुचवून घेतले, त्यांतल्याच काहींच्या आधाराने मी हिब्रू पाठ करत होते, याची मला गंमत वाटत असे.

गंमत डिसेंबरपर्यंत टिकली. सत्राच्या मध्यावर झालेल्या चाचणीत मला १०० पैकी ३१ गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला ४० लागतात. चूक सर्वस्वी माझी होती. पाठ्यक्रमातील उतारे मी मराठी बायबलशेजारी ठेवून वाचत असे, आणि वाक्य दिसले की त्याचे भाषांतर मला आधीच तोंडपाठ असे. चाचणीत बाईंनी ओळखीची वाक्ये किंचित बदलून दिली होती. कर्ता एकवचनी होता तो अनेकवचनी केला होता, पुरुषाच्या जागी स्त्री आणली होती, 'त्याने पाठवले'चे 'त्याला पाठवले गेले' केले होते. मी सगळीकडे पाठ केलेले भाषांतर लिहून आले. पेपरवर त्यांनी लाल शाईने शेरा मारला नव्हता. प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून फक्त प्रश्नचिन्ह काढले होते, आणि भेटायला बोलावून त्या म्हणाल्या, "तू अर्थ लिहिला आहेस. मी विचारलं होतं, इथे काय आहे?"

घरी फोन करून हे सांगितल्यावर आईने आधी रक्कम आणि मग गुण यांची मनातल्या मनात भागाकाराने सांगड घातली असावी, कारण ती बराच वेळ गप्प राहिली. त्यातून तिथे ७० गुण म्हणजे उत्तम समजतात, हे आमच्या नातेवाइकांपैकी कोणाला शेवटपर्यंत पटवता आले नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी शाळेतल्यासारखे शब्दांचे 'व्याकरण चालवले'. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही हा वाक्प्रयोग ठाऊक असतो: अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा. मूळ धातू कोणता, सातांपैकी कोणत्या गणातला, काळ कोणता, पुरुष, लिंग, वचन, मागे काय चिकटले आहे, पुढे काय चिकटले आहे. आणि हे सगळे लिहून झाल्याशिवाय अर्थाला हात लावायचा नाही. तेच दिवस भूविज्ञानाच्या क्षेत्रभेटींचे होते, आणि तिथेही मला हीच शिस्त वेगळ्या रूपात भेटली. आमच्या क्षेत्रवहीचे डावे पान निरीक्षणाचे आणि उजवे अनुमानाचे, असा दंडक होता. डावीकडे रंग, कणांचा आकार, थराची जाडी, उताराची दिशा आणि अंश. उजवीकडे, आणि तेही संध्याकाळी कोरड्या जागी बसल्यावर, नदी होती की समुद्र, लाव्हा होता की राख. पहिल्याच भेटीत एका मुलाने डाव्या पानावर 'लाव्हाचा प्रवाह' असे लिहिले, तेव्हा सरांनी ते शांतपणे खोडून 'काळा, बारीक कणांचा, पोकळ्या असलेला' असे लिहिले आणि लाव्हा तुला दिसला का, असे विचारले. सह्याद्रीच्या सावलीत, काळ्या पत्थराच्या पायऱ्यांवर खेळत मोठी झालेल्या मला तो दिसला होता, असे ओरडून सांगावेसे वाटले. पण माझ्या ३१ गुणांची आठवण ताजी होती.

हिब्रूतले सगळ्यात छळवादी धातू म्हणजे ज्यांचे एखादे अक्षर गळून जाते ते. 'नाफल' म्हणजे तो पडला. पण 'तो पडेल' म्हणायचे झाले की 'यिप्पोल'. मूळचा 'न' कुठे गेला? तो पुढच्या 'प'मध्ये विरला आणि प दुप्पट झाला. शब्दकोशात शोधायचा तर धातू हवा, आणि धातू तर समोर नाही. फक्त त्या द्वित्तावरून तो होता हे ओळखायचे. सप्तचे सत्त झाले आणि सत्तचे सात, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल नाही, पण परीक्षेच्या खोलीत ते आठवावे लागते.

याच सुमारास आम्हाला सिकार पॉइंटला नेले. एडिनबऱ्याच्या पूर्वेला, समुद्राच्या कड्यावर ही जागा आहे. ओल्या गवताचा उभा उतार उतरून खाली गेले की करड्या, कठीण खडकाचे थर जवळजवळ उभे राहिलेले दिसतात, पुस्तके कपाटात लावावीत तसे, आणि त्यांच्या छाटलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर हलक्या उताराने पसरलेले. खालचे सुमारे ४३ कोटी वर्षांचे, वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांचे. मधल्या काळात खालचे थर वाकले, उभे झाले, वर आले, झिजून गेले, आणि त्या सगळ्या घडामोडींचा एकही दगड शिल्लक नाही. आहे ती फक्त दोन्हींमधली रेषा. पावसात छत्री धरून वहीचे डावे पान भरताना मला 'यिप्पोल'मधला हरवलेला 'न' आठवला. सरांना हे सांगण्याचा धीर झाला नाही. बाईंना सांगितले, आणि त्यांनी पुढच्या तासाला फळ्यावर तिरक्या रेघा काढून वर्गाला सिकार पॉइंट समजावून दिला, जरा चुकीचाच.

दुसऱ्या सत्रात आम्ही योनाची गोष्ट मूळ हिब्रूत वाचली. देवाची आज्ञा टाळून योना जहाजात बसतो, समुद्रात वादळ उठते आणि जहाज फुटायच्या बेतात येते. भाषांतरांत एवढेच येते. मुळातले शब्द आहेत, 'वेहाओनिया खिश्शवा लेहिश्शावेर'. माझ्या वाट्याला आलेले हे वाक्य मी चालवू लागले. ओनिया, जहाज, स्त्रीलिंगी, एकवचनी. खिश्शवा, धातू ख-श-ब, तृतीय पुरुष, स्त्रीलिंगी, एकवचनी, म्हणजे कर्ता जहाजच. अर्थ, विचार करणे, गणती करणे. लेहिश्शावेर, फुटणे. माझा विश्वास बसेना, म्हणून मी पुन्हा चालवले. उत्तर तेच आले. जहाजाने फुटण्याचा विचार केला. आणि तो धातू म्हणजे, अरबीच्या वाटेने, आपला 'हिशेब'. वादळात सापडलेल्या जहाजाने आपल्या फुटण्याचा हिशेब मांडला! सगळ्या वर्गाला बायबल पाठ होते, आणि तरी, किंवा कदाचित त्यामुळेच, ते वाक्य त्यांनी इतकी वर्षे पाहिलेच नव्हते. अर्थ आधी माहीत नसल्याचा फायदा मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

उत्पत्तीच्या पुस्तकात असे आणखी एक-दोन ठिकाणी घडले. जलप्रलयानंतर देव सांगतो की, पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, उन्हाळा आणि 'खोरेफ' थांबणार नाहीत. खोरेफ म्हणजे हिवाळा, असे शब्दसंग्रहात दिले होते. अरबीत याच शब्दाचा भाऊ शरद ऋतू दाखवतो. आमच्याकडे तो खरीप होऊन भाताच्या खाचरात उतरला. पहिल्या अध्यायात आकाशाला 'राकीआ' म्हटले आहे, आणि त्याचा धातू ठोकून पत्रा करणे या अर्थाचा आहे. सोन्याचे पत्रे ठोकण्यासाठीही तोच वापरला आहे. पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्या माणसाला ते आकाश कसे घडले, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वर्गात एकाने विचारले की, हे विज्ञानाशी जुळते का? बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटले की, डाव्या पानावर 'ठोकलेला पत्रा' एवढेच लिहिता येईल.

इतिहासाचा अभ्यासक्रम मी दुसऱ्या वर्षी घेतला, तो विज्ञान आणि धर्म यांच्या स्कॉटलंडमधील संबंधांवर होता. मला वाटले होते, दोन्हींची भांडणे वाचायला मिळतील. भांडणे होतीच, पण दोन्ही बाजूंची माणसे वेगवेगळी निघाली नाहीत. आर्चबिशप अशर यांनी १६५० साली बायबलमधील वंशावळी आणि इतर प्राचीन नोंदी ताडून जगाची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी झाली, असे मांडले. ते हास्यास्पद म्हणून सोडून देण्याआधी त्यांनी किती भाषांतली साधने तपासली होती ते पाहा, असे आमचे प्राध्यापक म्हणाले. 'साधने' हा शब्द ऐकून मला साहजिकच राजवाडे आठवले. एडिनबऱ्याच्या जेम्स हटन यांनी १७८८ साली होडीतून जाऊन सिकार पॉइंट पाहिला आणि पृथ्वीचे वय मोजदादीपलीकडचे आहे, या आपल्या मताला पुरावा मिळवला. त्या होडीत गणिती जॉन प्लेफेअर होते, जे रीतसर धर्मोपदेशक होते. आणि ज्या न्यू कॉलेजमध्ये मी हिब्रू शिकत होते, त्या इमारतीचे वास्तुकार विल्यम प्लेफेअर हे त्यांचे पुतणे. त्याच महाविद्यालयात १८४५ पासून निसर्गविज्ञानाचे स्वतंत्र अध्यासन होते. धर्मोपदेशक होणाऱ्याला प्राणी, वनस्पती आणि खडक माहीत असलेच पाहिजेत, असे त्या लोकांना वाटत होते.

माझा निबंध विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांच्यावर होता. न्यू कॉलेजमध्ये धर्मविद्या शिकत असतानाच, १८६८ पासून दोन वर्षे, ते याच विद्यापीठात पीटर टेट यांच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांना ॲबरडीनला हिब्रूचे अध्यासन मिळाले. १८७५ साली त्यांनी ब्रिटानिका ज्ञानकोशात बायबलवर लेख लिहिला आणि मोशेच्या नावावर असलेला सगळा मजकूर मोशेचा नाही, तो वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिला गेला आहे, असे त्यात मांडले. थरांची भाषा वाचणाऱ्याला यात काही विपरीत दिसणार नाही. चर्चला दिसले. सहा वर्षे चौकशा आणि खटले चालले आणि १८८१ साली त्यांना अध्यासनावरून काढण्यात आले. हा ठराव पार पाडण्यात पुढाकार होता प्राचार्य रेनी यांचा. मी दोन वर्षे ज्या दालनात पोळीभाजीचा डबा उघडत होते, त्याचे नाव माझ्या निबंधाच्या नायकाला घालवणाऱ्याचे होते. त्या दिवशी डबा मी जिन्यात बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी थंडी फार होती, म्हणून पुन्हा आत गेले.

त्या निबंधासाठी फ्री चर्चच्या मिशनऱ्यांविषयीचे खंड चाळताना मला जॉन विल्सन भेटले. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आपल्याला माहीत असते. ते एडिनबरा विद्यापीठातच शिकलेले, १८२९ साली मुंबईत आले, मराठी शिकले, आणि १८३२ साली त्यांनी बेने इस्रायलांसाठी हिब्रू भाषेचे प्राथमिक व्याकरण मराठीत छापले. ते वाक्य मी तीनदा वाचले. अलिबागच्या आजींच्या बापजाद्यांना हिब्रू व्याकरण मराठीतून शिकवायला एडिनबऱ्याहून माणूस गेला होता, आणि जवळजवळ १८० वर्षांनी त्यांच्या शेजारची मुलगी तेच व्याकरण इंग्रजीतून शिकायला एडिनबऱ्याला आली होती. विल्सन यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे निबंधात मी लिहिले. प्राध्यापकांनी समासात लिहिले, "हेतू उजवीकडे. आधी त्याने काय केले ते लिही." क्षेत्रवहीची गोष्ट त्यांना मीच सांगितली होती.

दुसऱ्या वर्षाअखेर हिब्रूत मला ६४ गुण मिळाले आणि तिथेच तो विषय संपला, कारण तिसऱ्या वर्षापासून भूविज्ञानाशिवाय कशालाच जागा उरली नाही. किंमतही मोजली होती. रसायनाचा एक पेपर जेमतेम सुटला होता, वर्गमित्रांच्या शनिवारच्या भटकंतीला मी क्वचितच गेले, आणि आज नोकरीच्या मुलाखतीत अर्जावरचा 'हिब्रू' हा शब्द पाहून मुलाखत घेणारे पाच मिनिटे भलतीकडेच भरकटतात.

पदवी घेऊन परत आल्यावर आजी मला अलिबागजवळच्या खंडाळे गावी घेऊन गेल्या. तिथे एक खडक आहे. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, तिथून अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला आणि त्याच्या घोड्याच्या टापांचे व रथाच्या चाकांचे ठसे दगडावर उमटले, असे बेने इस्रायल मानतात. नवस फेडायला माणसे तिथे येतात आणि मलिदा करतात. आजींनी पोहे, ओले खोबरे आणि गूळ कालवून आणले होते. खडकाशी बसून त्या एलियाहूची प्रार्थना म्हणू लागल्या, आणि मी दोन वर्षांच्या व्याकरणाच्या बळावर त्यांच्या मागे धावू लागले. दुसऱ्याच शब्दाचा धातू सापडेपर्यंत त्या पुढचे कडवे ओलांडून गेल्या होत्या. घोडा म्हणजे 'सूस', नामे चालवायला आम्हाला पहिल्यांदा दिलेला शब्द, एवढे मात्र मला नक्की आठवत होते.

प्रार्थना संपल्यावर मी सवयीने खिशातून वही काढली आणि डाव्या पानावर लिहिले: बेसाल्ट, काळा, बारीक कणांचा, पृष्ठभाग झिजलेला, खोलगट खुणा.

आजी चष्म्यातून पानाकडे बघत होत्या. "आणि हे पलीकडचं पान कोरं का गं?"

"ते संध्याकाळी लिहायचं असतं, आजी."

"मग आत्ता मलिदा खा," असे म्हणून त्यांनी पानावरच द्रोण ठेवला.